पावित्र्याची सनद

पावित्र्याचा पहिला पाठ मराठी घरात पूर्वी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर मिळत असे. स्नान करून, मुकटा नेसून चुलीपाशी बसलेल्या आजीला अंगणातून खेळून आलेल्या नातवाने शिवू नये, उंच दांडीवर काठीने वाळत घातलेल्या सोवळ्याच्या धोतराखालून जाताना हात वर करू नये, लोणच्याच्या बरणीकडे नुसते बघावे, तिच्या दादऱ्याला बोट लावू नये, अशा शेकडो लहानमोठ्या निर्बंधांतून त्या बालमनावर जे तत्त्व ठसे, ते कोणी शब्दांत सांगितले नाही तरी पक्के असे: शुद्धी नाजूक असते आणि अशुद्धी जोमदार. शुद्ध वस्तूस अशुद्धाचा स्पर्श झाला की शुद्धीच हरते. उलट कधी घडत नाही. म्हणून ज्यास पवित्र राहावयाचे त्याने जगापासून चार पावले मागे सरावे, हा त्या तत्त्वातून निघणारा सरळ हिशेब होता, आणि तो हिशेब मांडून कित्येक सज्जनांनी आपले आयुष्य प्रामाणिकपणे खर्ची घातले.

लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे उदाहरण मराठी वाचकांस परिचित आहे. ‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे जे वर्णन येते ते वाचताना प्रथम हसू येते आणि मग घशाशी काही अडकते, कारण बाजारातून आलेले मीठदेखील धुवून घेणाऱ्या त्या घरात, पाण्यात विरघळून जाणाऱ्या मिठाबरोबर घरातील बायकामुलांचे सुखही थोडे थोडे विरघळत होते. त्या गृहस्थांना दांभिक म्हणता येणार नाही. त्यांची तळमळ खरी होती, आणि तळमळ खरी असल्यामुळेच तिचा अंत कोठे होत नव्हता. जे पावित्र्य स्पर्शाने नासते त्याची राखण करणाऱ्यास विश्रांती नाही, हा त्या कथेचा मला वाटणारा अर्थ.

ही वृत्ती आपल्याच देशाची मिरास आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्या यहुदी परंपरेत येशूचा जन्म झाला तिच्यातही विटाळाचे शास्त्र बारकाईने लिहिलेले होते. यरुशलेमच्या मंदिरात प्रांगणामागून प्रांगण होते, आणि अगदी आतल्या परमपवित्र स्थानी केवळ प्रमुख याजकाने, तेही वर्षातून एकाच प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रवेश करावा असा दंडक होता. परकीयाने अमुक कठड्यापलीकडे पाऊल टाकल्यास त्याच्या मृत्यूची जबाबदारी त्याच्यावरच, असे बजावणारा ग्रीक भाषेतील शिलालेख १८७१ साली यरुशलेमात सापडला. दगडावर कोरलेले ते फर्मान वाचले म्हणजे पावित्र्याच्या हद्दी माणूस किती निष्ठेने आणि किती निष्ठुरतेने आखतो हे ध्यानात येते.

परंतु त्याच परंपरेच्या पोटात एक निराळी गोष्टही होती, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या प्रजेस, मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा, अशा आशयाची आज्ञा करतो. आता स्नानाचे, उपवासाचे, दूर राहण्याचे नियम येतील अशा अपेक्षेने आपण पुढे वाचू लागावे, तो काही आचारविधी येतातही. पण त्यांच्या जोडीला, त्याच दमात आणि त्याच अधिकाराने, शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबांस व परक्यांस राहू द्या. रोजमजुराची मजुरी रात्रभर आपल्या घरी अडकवून ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. तराजू आणि मापे खरी ठेवा. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहा, अशा आज्ञा येतात. सावकाराचे माप आणि मजुराचा रोज ही पावित्र्याच्या प्रकरणातील कलमे आहेत, ही कल्पनाच विलक्षण आहे. आपल्याकडे मापात मारणाऱ्या व्यापाऱ्यास लबाड म्हणतात. त्याला विटाळ झाला असे कोणी म्हणत नाही. मोशेच्या शास्त्राला मात्र ते दोन्ही एकाच दप्तरात ठेवावेसे वाटले.

येशूने हे दप्तर उघडले आणि त्यातील अर्थ आपल्या हातांनी करून दाखविला. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी त्याच्यापुढे गुडघे टेकतो. शास्त्राप्रमाणे या माणसाने ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत वस्तीबाहेर राहावयाचे होते. येशूला त्यास शब्दाने बरे करता आले असते. इतरत्र त्याने दूरवरच्या रोग्यांस शब्दानेच बरे केलेले आहे. येथे मात्र तो आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि मग बोलतो. रोगमुक्तीसाठी त्या स्पर्शाची गरज नव्हती. कित्येक वर्षांत ज्याच्या अंगाला कोणाचा हात लागला नव्हता त्या माणसासाठी ती होती. पुढे बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली, वैद्यांच्या पायी सारी पुंजी घालविलेली एक स्त्री गर्दीत मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते, आणि पकडली गेल्यावर अपराध्यासारखी थरथरत उभी राहते, तेव्हा विटाळ केल्याबद्दल तिला बोल लागत नाही, ‘मुली’ म्हणून हाक मिळते. नाईन गावाच्या वेशीवर तो प्रेताच्या तिरडीला हात लावतो. तिन्ही ठिकाणी स्पर्शाचा जुना नियम उलटा फिरतो: येथे पावित्र्यच जोमदार ठरते, आणि अशुद्धी त्याच्यापुढे टिकत नाही.

त्या कुष्ठरोग्याच्या कथेचा शेवट मात्र मला अधिक विचार करावयास लावतो. बरा झालेला माणूस तेथून जाऊन आपली हकिगत जो भेटेल त्याला सांगत सुटतो, आणि परिणामी येशूलाच उघडपणे गावात जाणे अशक्य होऊन तो बाहेर, एकान्त जागी राहू लागतो, असे मार्क लिहितो. म्हणजे दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. वस्तीबाहेरचा आत आला आणि आतला बाहेर गेला. ख्रिस्ती पावित्र्याची किंमत कोण भरतो, हे त्या एका वाक्यात नोंदविलेले आहे. जवळ जाणे हे फुकटचे औदार्य नसते. जो जवळ जातो त्याला आपली जागा सोडावी लागते.

तरीही पावित्र्य म्हणजे केवळ दयाबुद्धी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अपुरा होईल. दयाळू माणसे सर्व धर्मांत आहेत आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यांतही आहेत. त्यांच्या दयेला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. ख्रिस्ती माणूस पावित्र्याबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या मनात आपण कोणाचे आहोत हा प्रश्न प्रथम असतो. जुन्या महसुली पद्धतीत देवस्थान इनाम म्हणून जमिनीचा एक वर्ग असे. गावाच्या शिवारातील एखादा तुकडा सनद देऊन देवाच्या दिवाबत्तीस लावून दिला जाई. त्या तुकड्याची माती शेजारच्या शेतासारखीच काळी किंवा तांबडी असे. त्यावर पाऊस निराळा पडत नसे, हरळी आणि कुंदा तेथेही तितकाच माजे, नांगराला तेवढेच बैल लागत. फरक इतकाच, की तिच्या उत्पन्नावर सरकारचा हक्क उरत नसे आणि ती जमीन कोणी आपल्या मर्जीने विकावी अशी मुभाही सहसा नसे. ख्रिस्ती माणसाचे पावित्र्य मला या जातीचे वाटते. त्याची माती सर्वांसारखीच असते, मोह तेच आणि तणही तेच. फक्त त्याच्या आयुष्याचे उत्पन्न कोणाकडे जमा व्हावयाचे ते मुक्रर झालेले असते. आणि सनद ही जमिनीच्या गुणांवर मिळत नाही. ती देणाऱ्याच्या मर्जीने मिळते. यालाच ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात.

पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र वाचताना हीच गोष्ट प्रत्ययास येते. आरंभी तो त्या मंडळीस पवित्र होण्यास बोलावलेले लोक म्हणून संबोधतो, आणि पुढील अध्यायांत त्या पवित्र जनांचे जे वर्तन उघडकीस येते ते पाहून वाचक चकित होतो. त्यांच्यात तट पडले होते. भाऊ भावावर फिर्याद करून परधर्मी न्यायाधीशापुढे उभा राहत होता. प्रभुभोजनाच्या वेळी पैसेवाले आपापले ताट आधी संपवून धुंद होत, आणि दिवसभर राबून उशिरा येणारा गरीब उपाशी राहत होता. पौल त्यांना खडसावतो, लाज वाटावी असे बोलतो, परंतु त्यांची सनद रद्द झाली असे तो कोठेही म्हणत नाही. आधी सनद, मग मशागत, हा त्याचा क्रम. मशागत मात्र झालीच पाहिजे, आणि ती कोठे व्हावयाची हेही तो स्पष्ट सांगतो: ताटावर, कोर्टकचेरीत, घरात, म्हणजे माणसे जेथे एकमेकांच्या वाट्यास येतात तेथे.

महाराष्ट्रात ही मशागत ज्यांनी केली त्यांची नावे घेताना लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांचे नाव प्रथम ओठांवर येते. १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि एका ब्राह्मण घराची जी पडझड झाली तिची हकिगत लक्ष्मीबाईंनी कोणताही आडपडदा न ठेवता लिहून ठेवली आहे. साधुपुरुषाचे चरित्र बहुधा त्याचा शिष्य लिहितो. येथे ते त्याच्या बायकोने लिहिले, आणि ती बायको त्याचे पाय धरणारी तर होतीच, पण त्याने कोणास काय देऊन टाकले याचा जमाखर्चही तिला पाठ होता. टिळकांचा शीघ्रकोप, हातात पैसा न टिकण्याची खोड, दारी आलेल्यासाठी घरच्यांची ओढाताण करण्याची तऱ्हा, यांतले तिने काही लपविले नाही, आणि तरीही ते पुस्तक मिटताना टिळकांविषयीचा आदर वाढलेला असतो. पावित्र्य दुरून तेजस्वी दिसते; घरातल्या माणसाला मात्र त्याचा धूरही सोसावा लागतो, हे सत्य मराठीत इतक्या हसतमुखाने दुसऱ्या कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

परंतु मला टिळकांपेक्षाही लक्ष्मीबाईंचा प्रवास अधिक बोलका वाटतो. मीठ धुणाऱ्या बापाची ही लेक. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ती काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिली. पुढे एकत्र आली तरी स्वयंपाक-पाणी वेगळे ठेवून राहिली. मग जातीपाती देवाने केल्या की माणसाने, असा विचार करता करता तिने स्वतःच्या बुद्धीने ती गाठ सोडविली, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. या क्रमाकडे लक्ष द्यावे: तिने आधी माणसाच्या हातचे खाल्ले आणि मग धर्म स्वीकारला. त्यानंतर टिळकांच्या घरात अनाथ मुलांची जी रीघ लागली, त्या मुलांच्या डोक्यातील उवा, अंगावरची खरूज आणि पोटातली भूक या सर्वांना तिचे हात लागले. बापाच्या घरात जी बोटे धुण्यात झिजली असती ती येथे शिवण्यात झिजली.

पंडिता रमाबाईंचा मार्ग याहून निराळा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्या मठातील भगिनींच्या आश्रयास त्या होत्या त्यांच्याशीच त्यांचा वाद जुंपला. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांच्या शंका होत्या. मांसाहार त्यांनी पत्करला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती माझ्या देशाच्या भाषेत का नसावीत, असा त्यांचा सवाल होता. हा अहंकार आहे, आज्ञापालनाचा अभाव आहे, असा ठपका त्यांच्यावर आला. पावित्र्य आणि निमूटपणा यांची जी गल्लत धर्मसंस्था वारंवार करतात, ती येथे स्पष्ट दिसते. रमाबाईंनी देवाने दिलेली सनद कोणा मधल्या वहिवाटदाराच्या नावे करून देण्यास नकार दिला, एवढेच.

त्यांच्या पावित्र्याचे दाखले शोधावयाचे तर त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्तिसदनात शोधावे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात हिंडून त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली आणि बालविधवा आणल्या. त्यांना निजविण्यापूर्वी नाहूमाखू घालावे लागे, रोग्यांस वेगळे ठेवावे लागे, दाणागोटा, सरपण, कापड यांचा रोजचा हिशेब ठेवावा लागे. तेथे विहिरी खणल्या गेल्या, तेलाचा घाणा फिरला, हातमाग चालले, गोठा उभा राहिला, आणि ज्या मुलींना अक्षरओळख नव्हती त्यांनी खिळे जुळवून छापखाना चालविला. ज्यांना समाजाने पतित ठरविले होते अशा स्त्रियांसाठी कृपासदन, आंधळ्यांसाठी वेगळी शाळा, आणि या साऱ्या गलबल्यात बसून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर, असा तो दिनक्रम. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा निवर्तली. भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. प्रार्थना आणि कीर्दखतावणी एकाच मेजावर राहू शकतात, हे केडगावने दाखवून दिले.

आता थोडे घरचे. आमचे घराणे तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झाले. आजीने बाप्तिस्म्याबरोबर देव्हारा सोडला, पण सोवळ्याची दांडी सोडली नाही. मंडळीतल्याच एखाद्या अमुक वस्तीतल्या माणसाने तिच्या पिण्याच्या घागरीला हात लावला, की एक अक्षर न बोलता ती घागर परसात नेऊन पालथी करी, आणि रात्री कौटुंबिक प्रार्थनेत त्याच माणसाचे नाव घेऊन त्याच्या आजारी मुलासाठी डोळ्यांत पाणी आणून विनंती करी. त्या प्रार्थनेत तिळमात्र खोटेपणा नव्हता. देवाला ती मनापासून शरण गेली होती. घागर तेवढी शरण गेली नव्हती.

नगर जिल्ह्यातील एका लहानशा उपासनामंदिरात, जेथे अजून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन होते, तेथे मला या गोष्टीची आठवण झाली. पाळक प्याला एकेकाच्या ओठांशी नेत होते आणि पांढऱ्या रुमालाने त्याची कड पुसून किंचित फिरवीत होते. मिश्रीने दात काळे झालेली, शेतावरून सरळ आल्यासारखी दिसणारी एक म्हातारी प्याली. तिच्या नंतर निवृत्त अव्वल कारकुनांची पाळी होती. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दोन्ही हात जोडून प्याला घेतला आणि सावकाश घोट घेतला. ज्या मुलखात पाण्याच्या एका घोटापायी माणसे जन्मभर तहानलेली राहिली, त्या मुलखात हा एक घोट म्हणजे काय आहे, हे कोणी सांगावयास नको होते. उपासना सुटली. म्हातारी डाव्या हाताच्या बोळाने गेली, कारकून उजव्या हाताच्या रस्त्याने गेले. तिच्या घरी ते कधी चहाला गेले आहेत काय, असे मी बरोबरच्या गृहस्थांना विचारले, तेव्हा ते नुसते हसले.

त्या हसण्यात ख्रिस्ती समाजाचा बराच इतिहास आहे. गोव्याच्या काही गावांत चर्चच्या कोन्फ्रारियांचे, म्हणजे धार्मिक बंधुसंघांचे, सभासदत्व जन्मावरून ठरत आले आणि सणाच्या मिरवणुकीत कोणी कोणता झगा पांघरावा याचे तंटे झाले. देशावर पूर्वाश्रमीच्या जाती बाकांवर वेगवेगळ्या बसल्या. मिशनच्या बंगल्याच्या ओट्यावर देशी सेवकाने कोठवर यावे याचेही अलिखित नियम होते. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारण्याचा जो घाट घातला, त्यामागे ही कोंडी फोडण्याची तळमळ होती. प्रत्येक पिढी येशूने मोडलेला कठडा थोड्या निराळ्या जागी पुन्हा बांधते आणि त्याला परंपरा असे नाव देते.

असे कठडे ओलांडणारेही झाले. वसईचा गोन्सालो गार्सिया हा कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या फ्रान्सिस्कन बांधवांचा जपानातील सोबती आणि दुभाषी. १५९७ साली नागासाकी येथे त्यास क्रुसावर देण्यात आले आणि १८६२ साली रोमने त्याला संत म्हणून जाहीर केले. संतपद देण्यापूर्वी रोममध्ये जणू खटला चालतो: साक्षी होतात, कागदपत्र तपासले जातात, विरुद्ध बाजू मांडण्यासाठी शतकानुशतके एक स्वतंत्र अधिकारीही नेमलेला असे. अशी चौकशी आपल्या वाट्यास येण्याचा संभव नाही. पण समजा आलीच, तर तुम्ही कशापासून दूर राहिलात एवढेच विचारून साक्षीदारांना रजा मिळेल असे मला वाटत नाही. तुम्ही कोणाच्या जवळ गेलात, कोणाचा रोज वेळेवर दिलात, कोणाच्या ओट्यावर बसून पाणी प्यालात, हे प्रश्न निघतीलच, आणि त्यांची उत्तरे आपण देऊन चालणार नाही. ती त्या ओट्यावरच्या माणसाने द्यावयाची आहेत. म्हणून मंडळीतील माझ्या बंधुभगिनींना एवढीच विनंती, की पुढच्या रविवारी ज्याच्यानंतर प्याला घ्याल, त्याच्या घरी त्या आठवड्यात एकदा जेवावयास जा.